झाड जगते कसे?

(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पुष्कळ शिकलेल्या भगिनींची भाषणे झाली. मी सातवी पास झालेली, घरसंसार करणारी बाई. तरी अध्यक्षबाईंनी आग्रह केला, म्हणून उभी राहिले आहे. माझे वडील कोकणात कलमे बांधीत. त्यांच्या हाताशी राहून लहानपणी चार गोष्टी कळल्या. बाकीच्या गोष्टी मुलाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून आणि वाचनालयातल्या पुस्तकांतून वेचल्या. विषय ऐकायला जड वाटेल, पण तो रोज आपल्या विळीखालून जातो. म्हणून भिऊ नये.

आधी एक कोडे घालते. आपण सर्वांनी पोकळ खोडाचे जुने झाड पाहिले असेल. आत माणूस उभा राहील एवढी ढोली, तरी वर पाने हिरवीगार आणि वर्षाच्या वर्षाला पालवी. दुसरीकडे एखादे धडधाकट झाड घ्या आणि त्याच्या खोडाची वीतभर साल सगळीकडून गोल सोलून काढा. आतल्या लाकडाला धक्काही लावू नका. ते झाड काही काळाने मरते. पोट पोखरले तरी झाड जगते आणि कातडी गेली की मरते, हे कसे? या कोड्याचे उत्तर मिळाले की झाड जगते कसे ते कळले असे समजा.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. आपण रताळे आणतो ते मूळ. बटाटा मातीतून येतो, पण तो मूळ नव्हे. तो खोड आहे. त्याला डोळे असतात आणि डोळ्यांतून कोंब फुटतात, तीच खोडाची खूण. आलेही खोडच. आणि कांदा? त्याचे पापुद्रे ही पाने आहेत. खोड म्हणजे खालची ती चपटी चकती, जी आपण कापून टाकतो, आणि तिच्याखालच्या मिशा ही मुळे. आपण अडीअडचणीसाठी डब्यात धान्य भरून ठेवतो तसे झाडानेही कुठे मुळात, कुठे खोडात, तर कुठे पानात अन्न साठवलेले असते. आपण तेच काढून आणतो आणि फोडणीला टाकतो.

मूळ, खोड, पान ही झाडाची अवयवे. प्रत्येक अवयव बारीक बारीक पेशींचा बनलेला असतो. एकाच कामाच्या पेशी एकत्र आल्या की त्यांना ऊती म्हणतात. उसाचा करवा तोंडात धरला की गोड रस येतो तो मऊ पेशींचा. त्या मूल ऊती. चावून झाल्यावर हातात राहतात त्या चोयट्या, म्हणजे नळ्या आणि त्यांना आधार देणारे धागे. नारळाचा काथ्या, जून गवारीचे दोर, नासपती खाताना दाताखाली येणारी रेव, या सगळ्या दृढ ऊती. त्यांच्या पेशी पक्व होता होता मरतात, पण त्यांच्या जाड भिंती मागे उरतात आणि झाडाला ताठ उभे ठेवतात. झाडात मेलेल्या पेशींनाही काम असते, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडेल.

आता मुळाकडे जाऊ. जाडजूड मुळे झाडाला धरून ठेवतात, परंतु पाणी पिण्याचे काम मुख्यतः मुळांच्या टोकाजवळची कोवळी लव करते. हे मूलरोम फार नाजूक असतात. रोप उपटून दुसरीकडे लावले की दोन दिवस मान टाकते, त्याचे कारण हेच. मूळ दिसायला अख्खे असते, पण लव मातीतच तुटून राहिलेली असते. म्हणून रोप हलवताना मातीच्या गड्ड्यासकट उचलावे. १९३७ साली डिटमर नावाच्या अमेरिकेतील संशोधकाने राय या धान्याच्या चार महिन्यांच्या एका रोपाची मुळे मोजली. सगळी मुळे एकापुढे एक मांडली तर लांबी ६०० किलोमीटरच्या वर भरली. म्हणजे एका पेटीत वाढलेल्या एका रोपाची मुळे मुंबईहून गोव्याला पोहोचतील! आणि मूलरोम निघाले सुमारे १,४०० कोटी.

पण मूळ नुसते पाणी पीत नाही, ते श्वासही घेते. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसते. मातीच्या कणांमध्ये बारीक फटी असतात आणि त्यांत हवा असते. त्या हवेतला प्राणवायू घेऊन मूळ जगते. कुंडीतल्या तुळशीला भक्तीने सकाळ-संध्याकाळ तांब्याच्या तांब्या पाणी घातले की फटी पाण्याने भरतात आणि मुळे गुदमरून कुजू लागतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. मग तुळस मान टाकते. आपल्याला वाटते ती तहानली, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो. भगिनींनो, तुळशीच्या मातीत आधी बोट घालून पाहावे. वरची माती कोरडी लागली तरच पाणी घालावे, आणि कुंडीच्या तळाचे भोक मोकळे आहे ना ते बघावे. त्याने भक्तीत काही उणे येत नाही.

मुळाला हवा किती लागते ते पाहायचे असेल तर खाडीकाठची तिवरे पाहा. खालचा चिखल सदा पाण्याने भरलेला, त्यात हवा नाही. म्हणून तिवराची मुळे चिखलातून उभ्या पेन्सिलींसारखी वर येतात आणि बाहेरची हवा घेतात. बिचाऱ्या झाडाला श्वासासाठी केवढा उपद्व्याप करावा लागतो!

आता खोड. या टेबलावर मी दोन पेले ठेवले आहेत. दोन्हींत तेरड्याची एकेक डहाळी आहे. एका पेल्यात साधे पाणी आहे, दुसऱ्यात सकाळी लाल शाई घातली. तेरड्याचा रंग तीन दिवस असे आपण म्हणतो, पण आज त्याचा उपयोग शहाणपणासाठी करू. तेरड्याचे देठ काचेसारखे पारदर्शक असते, म्हणून आत काय चालले आहे ते बाहेरून दिसते. पाहा, दुसऱ्या डहाळीत लाल रेघा वर चढल्या आहेत. देठ आडवे कापले तर सगळे लाल झालेले दिसत नाही. कडेने लाल ठिपके दिसतात. याचा अर्थ पाणी वाटेल तिथून वर जात नाही, त्याच्या ठरलेल्या नळ्या आहेत. त्यांना जलवाहिन्या म्हणतात. वाळलेल्या घोसाळ्याची जी जाळी आपण अंग घासायला वापरतो, ती म्हणजे असल्याच नळ्यांचे आणि त्यांच्या धाग्यांचे जाळे.

मोठ्या झाडात या जलवाहिन्या लाकडात असतात. तयार जलवाहिनीच्या पेशी मेलेल्या आणि आतून रिकाम्या असतात. रिकाम्या झाल्या म्हणून तर त्यांतून पाणी वाहते. खोडाच्या बाहेरच्या भागातले लाकूड पाणी वाहते. अगदी मधले जुने लाकूड पुष्कळ झाडांत पाणी वाहण्याचे थांबलेले असते, ते नुसता आधार देते. कोड्याचा अर्धा भाग इथे सुटला. ढोली पडते ती या मधल्या भागात. आधार कमी होतो, वादळात धोका वाढतो, पण पाण्याची वाट चालू राहते.

आता कोणी विचारील, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला आपल्याला पंप लागतो, मग उंच माडाच्या शेंड्याला पाणी कोण चढवतो? ते काम पाने करतात. पानाला, बहुतेक झाडांत खालच्या अंगाला अधिक, डोळ्यांना न दिसणारी भोके असतात. ही पर्णरंध्रे. प्रत्येक भोकाला दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की दार उघडते, सैल पडल्या की मिटते. उघड्या दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि तिच्या ओढीने खालचे पाणी वर येते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची जणू अखंड दोरी असते आणि पाने ती वरून ओढतात. यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. मुळांनी शंभर तांबे पाणी घेतले तर त्यातले नव्वदाहून अधिक असे वाफ होऊन जाते. झाडाखाली गार वाटते ते केवळ सावलीमुळे नव्हे, या वाफेमुळेही.

एवढे पाणी उधळण्याचे झाडाला कारण काय? कारण त्याच दारातून हवा आत घ्यायची असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळाने पाठवलेले पाणी आणि सूर्याचा प्रकाश यांवर पानातले हरितद्रव्य साखर तयार करते. झाडाची चूल पानात आहे, मातीत नाही. हॉलंडशेजारच्या आजच्या बेल्जियम देशातील व्हॅन हेल्मॉन्ट या गृहस्थाने एक प्रयोग केला होता. तो १६४८ साली छापला गेला. त्याने सुमारे ९० किलो कोरडी माती मोजून घेतली, तीत दोन-सव्वादोन किलोचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे नुसते पाणी घातले. झाड झाले जवळजवळ ७७ किलोचे, आणि माती घटली अवघी पाच तोळ्यांच्या आसपास! त्याला वाटले, झाड पाण्याचेच बनते. हवेचा वाटा पुढच्या लोकांनी शोधला. मातीतून झाड क्षार घेते ते आपल्या मिठासारखे. लागतात थोडे, पण त्यांच्यावाचून चालत नाही.

कडक उन्हात मुळाकडून पाणी कमी पडू लागले की पाने आपली दारे मिटतात. पाणी वाचते, पण चूलही मंदावते. कोरफड आणि निवडुंग दिवसा दारे बंद ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. प्रत्येकीचा संसार जसा निराळा, तसाच हा प्रकार.

आता कोड्याचा उरलेला अर्धा भाग. पानात शिजलेली साखर मुळापर्यंत पोहोचायला हवी ना? मूळ अंधारात असते, तिथे चूल पेटत नाही. ही साखर नेणाऱ्या नळ्या वेगळ्या आहेत. त्या रसवाहिन्या, आणि त्यांच्या पेशी जिवंत असतात. मोठ्या झाडात त्या लाकडात नसून सालीच्या आतल्या बाजूला एका पातळ थरात असतात. ज्याला अन्न हवे तिकडे त्या अन्न नेतात, कधी मुळाकडे, कधी कोवळ्या पालवीकडे, कधी फळाकडे. तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात असे आपल्या आजीबाई सांगत, त्याचे मर्म इथे आहे. मंजिरी राहिली की अन्न बियांकडे जाते आणि झाड लवकर थकते. खुडली की तेच अन्न नव्या पानांना मिळते.

साल गोल सोलली की अन्नाची ही वाट तुटते. पण पाण्याची वाट लाकडात असल्यामुळे चालू राहते. म्हणून झाड लगेच सुकत नाही. कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने ते वर हिरवे दिसते. खाली मुळे मात्र साठवण संपवीत उपाशी राहतात. मुळे मेली की पाणी बंद, आणि मग सगळे झाड वाळते. लोक म्हणतात, "काल-परवापर्यंत चांगले होते हो!" भगिनींनो, ते चांगले नव्हते, ते चांगले दिसत होते.

माझे वडील डाळिंबाची, पेरूची गुटी कलमे याच युक्तीने बांधीत. फांदीची इंचभर साल गोल काढायची, तिथे ओले शेवाळ बांधायचे. पानांकडून येणारे अन्न त्या जागी अडते आणि तिथेच नवी मुळे फुटतात. मग फांदी खालून कापून लावायची. फांदीला मुळे फोडायला जी जखम मदत करते, तीच खोडाला झाली तर सबंध झाड जाते.

साल आणि लाकूड यांच्या मध्ये आणखी एक थर असतो, ओल्या कागदासारखा पातळ. त्याला ऊतीकर म्हणतात. तो आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नव्या रसवाहिन्या तयार करतो. खोड जाड होते ते त्याच्यामुळे. आंब्याचे कलम बांधताना वडील म्हणत, "सालीला साल भिडली पाहिजे." खरे तर दोघांचे ऊतीकर भिडायला हवेत, तरच दोन जीव एक होतात. झाडाची लहान जखम भरते तीही याच थराच्या कडेने. माडाला मात्र असा थर नसतो. म्हणून माडावर चढायला पाडलेल्या खाचा जन्मभर तशाच राहतात. माडाची वाढ शेंड्याच्या एकाच कोंबातून होते. भुंग्याने तो कोंब आतून खाल्ला की एवढा उंच माड संपतो.

म्हणजे पाहा, एवढा मोठा वृक्ष, पण त्याचा जीव तीन ठिकाणी आहे. सालीखालच्या पातळ थरात, मुळांच्या कोवळ्या टोकांत आणि पानाफांद्यांच्या कोंबांत. मधला सगळा डोलारा बव्हंशी मेलेल्या पेशींचा आधार आहे. आपण मात्र जाड खोडाकडे पाहून म्हणतो, याला काय होते!

आता माझे खरे म्हणणे मांडते. आपल्या वाडीतल्या करंजाच्या बुंध्याशी गेल्या उन्हाळ्यात फरशीचे काम झाले. काम करणाऱ्यांनी सिमेंट थेट खोडाला चिकटवून ओतले. गणपतीत दिव्यांच्या माळा बांधल्या, त्यांची तार खोडाला आवळलेली तशीच आहे. यंदा करंजाला पालवी आली ती विरळ, आणि शेंड्याकडच्या दोन फांद्या वाळल्या आहेत. मागच्या सभेत विषय निघाला तेव्हा काही भगिनी म्हणाल्या, झाड तर हिरवे आहे, उगाच चिंता कशाला? त्यांना माझे उत्तर एवढेच, की सोललेले झाडही काही दिवस हिरवेच असते. सिमेंटखाली पाऊस मुरत नाही आणि हवा जात नाही. मूळ तहानेने आणि गुदमरून मरते, आणि वरून आपल्याला दिसते ते फार उशिरा. मुळे मेलेले झाड एखाद्या पावसाळी रात्री आडवे होते. त्याच्याखाली आपली मुले खेळतात, भाजीवाली बसते.

तार तर त्याहून वाईट. खोड दरवर्षी जाड होते, तार जाड होत नाही. ती सालीत रुतते आणि रसवाहिन्यांची वाट आवळते. वटपौर्णिमेला आपण वडाला सुती दोरा गुंडाळतो. तो ऊन-पावसात कुजून गळून पडतो, म्हणून त्याने झाडाला इजा होत नाही. नायलॉनची दोरी आणि तार तशी नव्हे. आणि वडाची फांदी तोडून आणून घरी पूजा करण्यापेक्षा वडापाशी जावे, हेही ओघाने सांगते. ज्याच्यापाशी दीर्घायुष्य मागायचे, त्याची चूल आपण का मोडावी?

फरशी हवी म्हणणाऱ्या भगिनींचेही खरे आहे. पावसात चिखलावर आपल्या दोन वृद्ध भगिनी घसरल्या होत्या, ते मी विसरलेले नाही. म्हणून सगळी फरशी उखडा असे मी म्हणत नाही. खोडाभोवती सर्व बाजूंनी एक मीटर जागा मोकळी करावी. हे माप मी मनाने काढलेले नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्याचा आदेश दिला होता. काम यंत्राने न करता छिन्नी-हातोडीने, हलक्या हाताने करावे, नाहीतर मुळेच तुटतील. मोकळ्या जागेत पालापाचोळा पसरावा आणि कडेला विटांची ओळ लावावी, म्हणजे चिखल वाटेवर येणार नाही. मात्र पाचोळा आणि माती खोडाला टेकवून रचू नये, त्याने साल कुजते. तार आजच सोडवावी. वाळलेल्या फांद्यांसाठी वृक्ष अधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करावा, कारण शहरांतल्या झाडांसाठी आपल्या राज्यात १९७५ सालचा कायदा आहे आणि झाडाला आपल्या मनाने कुऱ्हाड लावता येत नाही.

एवढ्याने करंज वाचेलच असे वचन मी देऊ शकत नाही. मुळे किती उरली आहेत ते झाडच जाणे. पण अजून पाने आहेत, म्हणजे कुठेतरी मुळे पाणी पाठवीत आहेत. तेव्हा अध्यक्षबाईंना माझी विनंती आहे, की हा ठराव आजच्याच सभेत मताला टाकावा. छिन्नी-हातोडी आमच्या घरी आहे, विटा मिळवता येतील. रविवारी सकाळी स्वयंपाक लवकर उरकून ज्यांना येता येईल त्यांनी करंजाखाली जमावे. सभा संपल्यावर ज्यांना तेरड्याच्या देठातले लाल ठिपके पाहायचे असतील त्यांनी टेबलापाशी यावे. मी देठ कापून दाखवीन.